गाठ ते तुकडा तपासणी: मधले महिने कुठे जातात?

साक्री तालुक्याच्या पश्चिमेला, पांझरेच्या काठी पिंपळनेर वसलं आहे. इथून एक रस्ता साक्रीमार्गे धुळ्याला जातो, दुसरा ताहाराबाद-सटाण्यावरून नाशिकला. पश्चिमेकडे कुडाशी, वार्सा या भागातली आदिवासी गावं आणि पाडे थेट गुजरातच्या डांगाला भिडतात. स्तनात गाठ लागलेल्या इथल्या बाईचा प्रवास याच रस्त्यांवरून होतो. आधी उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, मग पिंपळनेरचं ग्रामीण रुग्णालय नाहीतर एखादा खासगी दवाखाना, मग धुळे, आणि शेवटी नाशिक किंवा मुंबई. एसटीने म्हटलं तर पिंपळनेरहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळपर्यंत मुंबईत असतो. गाठीला मात्र तिथं पोचायला कित्येकदा सहा महिने लागतात, कधी वर्ष. या काळात गाठ वाढत असते, काखेत उतरत असते, आणि जो आजार एका शस्त्रक्रियेत आटोक्यात आला असता त्याच्यासाठी किमो, शेक, पुन्हा किमो असं सत्र मागे लागतं.

उशीर नेमका कुठे होतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. आपल्याकडे त्याचं उत्तर फार घाईने दिलं जातं: ‘बायका उशिरा येतात.’ हे उत्तर खोटं नाही. पण ते अर्धं आहे, आणि अर्ध्या उत्तराने पुढची सगळी धोरणं चुकतात.

आधी आजाराचा आवाका पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आढळल्या, आणि त्याच वर्षात या आजाराने सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. मृत्यू पावलेल्या स्त्रिया त्याच वर्षीच्या रुग्ण असतात असं नाही, तरी प्रमाण बोलकं आहे. आपल्याकडे दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू, तर अमेरिकेत सहा-सात रुग्णांमागे एक. हा फरक केवळ औषधांचा नाही. तिकडे गाठ लहान असताना सापडते, इकडे मोठी झाल्यावर. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणीतून २०१२ ते २०१५ या काळात निदान झालेल्या रुग्णांचा मागोवा घेतला गेला. त्यात पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचं एकूण प्रमाण सुमारे ६६ टक्के निघालं. आजार फक्त स्तनापुरता असताना निदान झालेल्यांमध्ये ते ८१ टक्के होतं. काखेपर्यंत किंवा आसपास पसरला असेल तर ६५ टक्क्यांच्या घरात, आणि हाडं, फुप्फुस, यकृत अशा दूरच्या अवयवांत गेला असेल तर जेमतेम १८ टक्के. आजार तोच आणि देशही तोच, तरीही या आकड्यांत एवढी दरी आहे. ती मुख्यतः गाठ कधी ओळखली यातून पडली आहे.

उशीर मोजण्याची रीत जुनी आहे. अमेरिकेतल्या पॅक आणि गॅलो या दोघांनी १९३८ साली कर्करोगातल्या दिरंगाईचा अभ्यास मांडला आणि जबाबदारीची वाटणी केली. लक्षण दिसल्यापासून रुग्णाने डॉक्टरकडे जायला तीन महिन्यांहून अधिक वेळ लावला तर तो रुग्णाचा उशीर, डॉक्टरने महिन्याच्या आत योग्य पाऊल उचललं नाही तर तो डॉक्टरचा उशीर. पुढे १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ८७ अभ्यासांचा आणि एक लाखाहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा आला. लक्षण दिसल्यापासून उपचारापर्यंत तीन महिने किंवा जास्त काळ गेलेल्या स्त्रियांचं पाच वर्षं जगण्याचं प्रमाण इतरांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी होतं. २०२० मधल्या दुसऱ्या मोठ्या आढाव्यात निदानानंतरचा उशीर तपासला गेला: स्तनाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया चार आठवडे लांबली की मृत्यूचा धोका साधारण ८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे निदान हातात पडल्यावरही ‘बघू दिवाळीनंतर’ म्हणण्याची मुभा नाही.

आता बाईच्या उशिराकडे येऊ, कारण तोही खराच आहे. वर्ध्याजवळच्या सेवाग्राम इथल्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत ग्रामीण भागातल्या स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या जवळपास निम्म्या स्त्रियांनी पहिलं लक्षण जाणवल्यावर डॉक्टरकडे जायला तीन महिन्यांहून अधिक काळ लावला होता. विदर्भातलं हे चित्र खान्देशात फार वेगळं असेल असं मानायला जागा नाही.

त्यामागचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ही गाठ दुखत नाही. आपल्या समाजात दुखणं म्हणजेच आजार. ताप आला, पोट दुखलं, कंबर धरली तर दवाखाना. अंघोळीच्या वेळी हाताला लागलेली, बोराएवढी, न दुखणारी गाठ हा दवाखान्याचा विषयच होत नाही. ‘दुखत नही ना, मंग ऱ्हाऊ दे,’ एवढ्यावर बोलणं संपतं. खरं तर कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. दुखू लागते, कातडीला जखम होते, तेव्हा बराच काळ उलटलेला असतो.

दुसरं कारण लाज. ती फक्त खेड्यातल्या, न शिकलेल्या बाईचीच असते असं समजू नये. इंग्रजी कादंबरीकार फॅनी बर्नी पॅरिसमध्ये राहत असताना १८१० साली तिला स्तनात वेदना जाणवू लागली. डॉक्टरांना दाखवायला ती नाखूश होती. नवऱ्याने आणि मैत्रिणीने मन वळवल्यावर तिने दाखवलं, आणि सप्टेंबर १८११ मध्ये भूल न देता तिची शस्त्रक्रिया झाली. ती पुढे १८४० पर्यंत जगली. दोनशे वर्षांनी आपल्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात पुरुष डॉक्टर बसलेला असेल तर बाई खोकल्याचं औषध घेऊन परत जाते, गाठीचा विषय काढत नाही. सासरी जे कुणाला सांगता येत नाही ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आल्यावर आईच्या किंवा बहिणीच्या कानावर घातलं जातं. गाठ भाद्रपदात लागली असेल तर ती उच्चारली जाईपर्यंत वैशाख उजाडतो.

तिसरं कारण पोटापाण्याचं, आणि त्याचा उल्लेख आरोग्य खात्याच्या फलकांवर सहसा नसतो. साक्री आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आसपास दक्षिण गुजरातमध्ये बारडोली-सुरत भागातल्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीला जातात. उचल आधीच घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे एकाने सुट्टी घेतली की दोघांची मजुरी बुडते. होळीला काही दिवस गावी येणं होतं, पुन्हा फड. पावसाळा तोंडावर आल्यावर कायमचं परतणं, आणि लगेच पेरणी. या वर्षाच्या चक्रात स्वतःच्या गाठीसाठी धुळ्याला तीन-चार फेऱ्या मारायला जागा कुठे आहे? आशाताईच्या वहीत त्या बाईचं नाव असतं, पण आशाताई पाड्यावर येते तेव्हा बाई बारडोलीला उसाच्या पाचटात असते. अशा बाईला ‘जागरूकतेचा अभाव’ हे लेबल लावणं अन्यायाचं आहे. तिला कळतं. तिला वेळ मिळत नाही.

याच्या जोडीला भगताकडचे उपाय आहेत, झाडपाल्याचे लेप आहेत, ‘चाकू लावला की रोग उठतो’ ही भीती आहे. ही भीती शहरातही आहे आणि शिकलेल्यांतही. तिचं मूळ अनुभवात आहे: गावातल्या ज्या बाईची शस्त्रक्रिया झाली ती उशिरा पोचली होती, म्हणून ती दगावली. लोकांच्या लक्षात शस्त्रक्रिया राहिली, उशीर राहिला नाही. त्यामुळे पुढची बाई आणखी घाबरून आणखी उशीर करते. बऱ्या झालेल्या बाया गावात दिसू लागल्या तरच हे चक्र तुटेल. भिंतीवरच्या घोषणांनी ते तुटत नाही.

पण समजा, ती आली. आता काय होतं?

या टप्प्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, आणि खरं बोलायला हवं ते इथेच. बाई पहिल्यांदा ज्या डॉक्टरकडे जाते तो बहुधा कॅन्सरचा तज्ज्ञ नसतो. तिचं वय ३५ असेल तर डॉक्टरच्या डोक्यात कॅन्सर येतच नाही, कारण तो म्हाताऱ्या बायकांचा आजार असं पुस्तकी चित्र पाश्चात्त्य देशांतून आलं आहे. भारतात स्तनाचा कॅन्सर तिकडच्या तुलनेत सुमारे दहा वर्षं आधी दिसतो. चाळिशीतल्या, कधी तिशीतल्या रुग्ण इथे दुर्मीळ नाहीत. बाळ अंगावर पीत असेल तर गाठ म्हणजे ‘दूध साकळलं’ असं ठरतं, आणि प्रतिजैविकांच्या गोळ्यांचा एक कोर्स होतो, मग दुसरा, मग गोळी बदलून तिसरा. प्रत्येक कोर्सबरोबर दोन-तीन आठवडे जातात. दूध साकळून झालेली सूज गोळ्यांनी काही दिवसांत उतरते. पहिल्या कोर्सनंतर उतरली नाही तर पुढचं पाऊल तपासणीचं असायला हवं, दुसऱ्या गोळीचं नाही.

त्याहून गंभीर चूक दुसरीच आहे. गाठ साधी समजून छोट्या शस्त्रक्रियागृहात ती काढून टाकली जाते, आणि काढलेला तुकडा तपासणीला पाठवलाच जात नाही. कधी पाठवला जातो, पण अहवाल आणायला कुणी जात नाही. काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा गाठ येते, आणि मोठ्या रुग्णालयातला शल्यचिकित्सक विचारतो, ‘आधीचा रिपोर्ट?’ रिपोर्ट नसतो. आधीच्या गाठीचा आकार, ती कशाची होती, कडा मोकळ्या होत्या का, यातलं काहीच कळत नाही. उपचार अंदाजाने आखावे लागतात. भारतभरच्या कर्करोग रुग्णालयांना अशा अर्धवट शस्त्रक्रिया होऊन आलेल्या स्त्रिया नेहमी भेटतात. शरीरातून काढलेली कुठलीही गाठ तपासणीविना टाकून देऊ नये, हा वैद्यकशास्त्राचा सामान्य नियम आहे, आणि तो पाळणं फार खर्चिक नाही.

गाठीचं नीट निदान तीन गोष्टींवर उभं असतं: डॉक्टरच्या हातांनी केलेली तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि जाड सुईने काढलेला तुकडा. या तिघांतली तिसरी निर्णायक. जागा बधिर करून ही सुई घालायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. टाका लागत नाही, भरती व्हावं लागत नाही. सुईमुळे कॅन्सर पसरतो ही समजूत निराधार आहे. तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवला की तो सुरक्षित राहतो, आणि दूरच्या प्रयोगशाळेत पाठवता येतो. म्हणजे प्रत्येक गावात पॅथॉलॉजिस्ट असण्याची गरज नाही, प्रत्येक बाईने मुंबईला जाण्याचीही नाही. नमुना प्रवास करू शकतो. ही साधी गोष्ट खान्देशासारख्या प्रदेशासाठी सोन्याच्या मोलाची आहे.

व्यवहारात मात्र बाईच प्रवास करते. एका दिवशी मॅमोग्राफीसाठी, दुसऱ्या दिवशी सर्जनसाठी, तिसऱ्या दिवशी तुकडा काढायला, मग अहवाल घ्यायला, आणि मग त्याच तुकड्यावरच्या हार्मोन रिसेप्टर आणि हर-२ या चाचण्यांसाठी पुन्हा. या चाचण्यांशिवाय कोणती औषधं द्यायची ते ठरत नाही. प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी, गाडीभाडं आणि सोबतीला घरातला एक माणूस. धुळ्यात १९८९ पासून भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अलीकडे जळगाव आणि नंदुरबारलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली. इमारती आल्या, डॉक्टर आले. पिंपळनेरच्या बाईला हवी आहे ती पाच फेऱ्यांची एक फेरी करून देणारी व्यवस्था.

इथे सरकारी योजनांचा विषय येतो. धुळे जिल्ह्याला या बाबतीत एक मान मिळालेला आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात धुळे होता. वर्षभराने ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं, पुढे केंद्राच्या आयुष्मान भारतशी ती जोडली गेली, आणि आता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो, रेडिएशन हे सगळं त्यात बसतं. या योजनेने अनेक घरं कर्जातून वाचवली, हे निर्विवाद. ज्या काळात किमोच्या एका सायकलसाठी बैलजोडी विकली जात होती, तो काळ लोकांच्या आठवणीत अजून ताजा आहे.

पण योजनेची रचना पाहिली की एक मोकळी जागा दिसते. योजना मुख्यतः उपचारांसाठी, भरती झालेल्या रुग्णासाठी आहे, आणि तिचा लाभ मिळायला कॅन्सर असल्याचा अहवाल हातात लागतो. तो अहवाल मिळेपर्यंतच्या बाह्यरुग्ण तपासण्या, सोनोग्राफी, तुकडा, त्यावरच्या चाचण्या, यांचा भार खासगीत गेल्यास बहुतांशी घरावरच पडतो. म्हणजे निदानाच्या दारापाशी बाई एकटी, आणि दाराच्या आत शिरली की पाच लाखांचं छत्र. उशिराचा मोठा भाग याच दारापाशी साचतो. निदानाच्या तपासण्या योजनेत स्वतंत्रपणे घ्याव्यात, संशयित गाठीसाठी त्या मोफत आणि ठरलेल्या मुदतीत व्हाव्यात, ही मागणी आता लावून धरायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या स्तन कर्करोग मोहिमेत तीन कसोट्या ठेवल्या आहेत: ६० टक्क्यांहून अधिक रुग्णांचं निदान पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच व्हावं, आरोग्यव्यवस्थेशी पहिला संपर्क आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, आणि ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांनी उपचार मध्येच न सोडता पुरे करावेत. दुसरी कसोटी जिल्हा पातळीवर मोजायला काहीच अडचण नाही. पहिल्या भेटीची तारीख आणि अहवालाची तारीख, दोन रकान्यांची वही पुरे.

तिसरी कसोटी, उपचार पुरे होण्याची, खान्देशासाठी वेगळी कठीण आहे. स्तनाच्या कॅन्सरचा उपचार एका शस्त्रक्रियेने संपत नाही. किमोच्या सहा ते आठ सायकली, बहुधा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने. मग बऱ्याच जणींना शेक, म्हणजे रेडिएशन. ते पूर्वी रोज एक याप्रमाणे पाच आठवडे चालायचं, आता अनेक ठिकाणी तीन आठवड्यांत पूर्ण होतं, आणि हा बदल दूरवरून येणाऱ्यांसाठी मोठाच दिलासा आहे. त्यानंतर हार्मोनची गोळी पाच ते दहा वर्षं. किमोच्या तिसऱ्या सायकलीनंतर केस गेलेले, तोंड आलेलं, घरात लेकरं, शेतात कांदा काढणीला आलेला, आणि गाठ तर आकसलेली दिसते. ‘बरं वाटतंय’ म्हणून बाई घरीच थांबते. उपचार सोडलेल्या रुग्णांचा माग काढण्याची यंत्रणा तालुक्याच्या पातळीवर फारशी नाही. क्षयरोगाच्या गोळ्या चुकल्या तर आरोग्यसेवक दारात येतो. किमो चुकली तर कुणी येत नाही.

परळचं टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून साऱ्या देशाचा आधार राहिलं आहे. तिथं जाणाऱ्यांसाठी दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती या दोन नावांचं मोल काय आहे, ते ज्यांनी महिनोन्‌महिने मुंबईत काढले त्यांना विचारावं. टाटात रुग्णांना वाट दाखवणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांची ‘केवट’ नावाची योजनाही आहे. कोणत्या खिडकीवर जायचं, कोणता कागद लागेल, पुढची तारीख कोणती, हे सांगणारा एक माणूस. असा माणूस धुळ्यात हवा, आणि त्याला अहिराणी, भिली, कोकणी यांतलं काहीतरी बोलता यायला हवं. वार्साच्या पाड्यावरच्या बाईला प्रमाण मराठीतला फॉर्म वाचून दाखवणं म्हणजे समजावणं नव्हे.

मग मॅमोग्राफीच्या फिरत्या गाड्यांनी प्रश्न सुटेल का? दर निवडणुकीच्या आसपास हा उपाय पुढे येतो. तरुण स्त्रियांच्या घट्ट स्तनांत मॅमोग्राफीला गाठ नीट दिसत नाही, आणि आपल्याकडचा आजार तुलनेने तरुण वयातला. मशीन महाग, तंत्रज्ञ आणि वाचणारा रेडिओलॉजिस्ट दुर्मीळ. शिवाय ज्या स्त्रिया बोराएवढी किंवा लिंबाएवढी गाठ घेऊन आधीच फिरत आहेत, त्यांना गाठ शोधून देणाऱ्या यंत्राची गरज नाही.

त्याऐवजी काय करता येतं, याचा पुरावा मुंबईतच आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत एक प्रयोग सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांची २० गटांत विभागणी झाली. दहा गटांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशी चार वेळा हाताने तपासणी केली. मॅमोग्राफी अजिबात नाही. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तपासणीच्या गटात पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण ३७ टक्के होतं, दुसऱ्या गटात ४७ टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांत मृत्यूंमध्ये ठळक घट दिसली नाही, हेही सांगायला हवं. सगळ्या वयोगटांचा एकत्र विचार केला तर १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही. तरीही आरोग्यसेविकेच्या शिकलेल्या बोटांनी आजार लवकरच्या टप्प्यात सापडतो, एवढं या प्रयोगाने दाखवलं.

दुसरं उदाहरण बार्शीचं. १९८७ मध्ये तिथं देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत कार्यकर्ते नियमित जात, माणसांशी बोलत, लक्षणं सांगत आणि संशयित रुग्णाला रुग्णालयापर्यंत आणत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं, आणि ते १९९५ मध्ये शोधनिबंधात नोंदलं गेलं. बार्शीकरांनी कोणतं मोठं यंत्र आणलं नव्हतं. त्यांनी गावात जाणं चालू ठेवलं, आणि बाईचा हात सोडला नाही. हे काम डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेटाने केलं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक आदिवासी तालुक्याने अभ्यासायला हवं असं हे उदाहरण आहे.

कागदावर आपली व्यवस्थाही असंच काही सांगते. २०१६ पासूनच्या केंद्रीय मार्गदर्शिकेनुसार तिशी ओलांडलेल्या प्रत्येक स्त्रीची स्तनतपासणी प्राथमिक स्तरावर व्हायला हवी. आशाताईच्या अर्जात स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्तमिश्रित स्राव येतो का, आकारात बदल झाला का, असे प्रश्न छापलेले आहेत. आणि प्रत्यक्षात? २०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयोगटातल्या स्त्रियांपैकी स्तनाच्या कॅन्सरसाठी कधीतरी तपासणी झालेल्यांचं देशातलं प्रमाण ०.९ टक्के निघालं. शंभरात एकही नाही. त्यानंतर मोहिमा झाल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्याने ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ राबवली, सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राची ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ झाली. मोहिमेत लाखो तपासण्यांचे आकडे जाहीर होतात. संशयित किती निघाल्या, त्यातल्या किती जणींची तुकडा तपासणी झाली आणि किती दिवसांत झाली, हे आकडे मात्र गावापर्यंत येत नाहीत. तेच आकडे महत्त्वाचे आहेत. तपासून, संशय नोंदवून बाईला नुसती चिठ्ठी देऊन घरी पाठवणं हे तपासणी न करण्याहून फारसं चांगलं नाही.

पिंपळनेरपुरतं बोलायचं तर काम आवाक्यातलं आहे. ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक वार गाठींच्या तपासणीसाठी ठरवावा, आणि त्या दिवशी स्त्री डॉक्टर असावी. संशयित गाठीचा तुकडा शक्य तर तिथंच घ्यावा आणि नमुना धुळ्याला पाठवावा. तिथं घेता येत नसेल तर धुळ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्या बाईची सोनोग्राफी, सर्जन आणि सुई एकाच दिवशी व्हावी, तारीख आधी फोनवर ठरवून. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची तपासणी दसऱ्याच्या आधी, गाव रिकामं होण्यापूर्वी उरकावी, आणि राहिलेल्यांची होळीला. केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं तीन वर्षांत उभारण्याची घोषणा केली आहे. धुळे-नंदुरबारमध्ये ती केवळ पाटीपुरती न राहता किमोच्या सायकली खरोखर तिथं मिळाल्या, तर मुंबईच्या निम्म्या फेऱ्या वाचतील. लोकप्रतिनिधींना विचारायचा प्रश्न हाच आहे.

आणि ज्या घरात हा लेख वाचला जाईल तिथल्या स्त्रियांना, त्यांच्या नवऱ्यांना आणि लेकींना: बहुतेक गाठी साध्या असतात, पण कोणती साधी हे हाताने ठरत नाही. गाठ, कातडीला पडलेला खळगा, आत ओढलं गेलेलं बोंड, त्यातून रक्त, काखेत गोळा, यातलं काहीही दिसलं तर दुखण्याची वाट पाहू नका, पंधरा दिवसांच्या आत दाखवा. गोळ्यांच्या एका कोर्सने गाठ गेली नाही तर ‘तुकडा तपासणी कधी?’ असं डॉक्टरांना सरळ विचारा. कुठेही गाठ काढली असेल तर तिचा लेखी अहवाल मागून घ्या आणि सगळे कागद एका पिशवीत जपून ठेवा. उपचार सुरू झाल्यावर बरं वाटलं तरी तारीख चुकवू नका. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर डब्यातून मोफत प्रवास करता येतो, आणि महात्मा फुले योजनेची माहिती अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे किंवा १५५३८८ या क्रमांकावर मिळते.